वसईच्या किनाऱ्यावरील धर्मग्राम आणि त्यांच्या विवाहनोंदी

वैतरणेच्या मुखापासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेल्या किनारपट्टीत अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, पापडी, सांडोर, रमेदी, माणिकपूर अशी गावे जवळजवळ वसली आहेत. आतल्या बाजूला केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्या, समुद्रालगत कोळीवाडे. आज हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. येथील कॅथलिक समाजात सामवेदी म्हणजेच कुपारी, वाडवळ, कोळी असे जुने समूह आहेत. त्यांच्या बोली मराठीच्याच आहेत, आडनावे मात्र डिमेलो, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, डाबरे, तुस्कानो अशी. चर्च आणि त्याच्या कक्षेतील वस्ती मिळून जो घटक बनतो त्याला मराठी ख्रिस्ती समाजात धर्मग्राम म्हणतात. प्रत्येक धर्मग्रामाच्या कचेरीत बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवल्या जातात. यांपैकी विवाहाची वही इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी असते, कारण तिच्या एकेका नोंदीत दोन घराणी, बहुधा दोन गावे आणि साक्षीदारांसह किमान दोन पिढ्या एकत्र येतात.

किनाऱ्यावर धर्मग्राम कसे उभे राहिले

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील प्रदेशाची राजधानी होती. फ्रान्सिस्कन संन्यासी प्रथम आले. त्यांच्यातील अंतोनियो दो पोर्तो याचे नाव साष्टी आणि वसईच्या आरंभीच्या धर्मप्रसाराशी जोडले गेले आहे. १५४८ च्या सुमारास जेझुइट आले, नंतर डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन. किल्ल्यात चर्चे, मठ आणि विद्यालये उभी राहिली. सेंट जोसेफ या मुख्य चर्चची सुरुवात १५४६ ची आणि त्याचा विस्तार १६०१ चा.

किल्ल्याबाहेरच्या खेड्यांतही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चे बांधली जाऊ लागली. धर्मांतरामागे श्रद्धा होती, राज्यकर्त्यांचा दबाव होता आणि सवलतींचे आमिषही होते. या सर्वांचे प्रमाण गावागावांत वेगळे असे. धर्म बदलला तरी शेती, मासेमारी, बोली, लग्नातली गाणी आणि जातीची सोयरीक टिकून राहिली. त्यामुळे धर्मग्राम ही संस्था परदेशी नियमांवर चालत असली तरी तिच्यात वावरणारा समाज उत्तर कोकणातलाच राहिला, आणि त्याच्या नोंदवह्याही याच मिश्र घडणीच्या साक्षी आहेत.

नोंदवहीचा नियम कोठून आला

सोळाव्या शतकापर्यंत युरोपात वधूवरांची परस्पर संमती एवढ्यावर विवाह वैध मानला जाई. त्यामुळे गुप्त विवाहांचे प्रमाण वाढले. एखाद्या पुरुषाने पहिले लग्न नाकारून दुसरे केले तर पहिल्या पत्नीजवळ पुरावा नसे. हा घोळ थांबवण्यासाठी ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी एक हुकूम काढला. विवाहापूर्वी सलग तीन सणवारी मिस्साच्या वेळी चर्चमध्ये जाहीर घोषणा करावी, विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर आणि दोन किंवा तीन साक्षीदारांसमोर व्हावा, आणि धर्मगुरूने वधूवर व साक्षीदार यांची नावे, दिवस आणि स्थळ एका वहीत लिहून ती वही जपून ठेवावी, असा त्याचा आशय होता.

पोर्तुगालने हे निर्णय लगेच स्वीकारले. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने ते पूर्वेकडील मुलखात लागू करण्याची दिशा ठरवली. पुढे १६१४ मध्ये पोप पाचवे पॉल यांच्या काळात प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, धर्मग्रामातील कुटुंबांची यादी आणि मृत्यू अशा पाच वह्यांची पद्धत आणि नोंदींचे नमुने घालून दिले. इंग्लंडमध्ये थॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्येच अशा वह्यांचा आदेश दिला होता. म्हणजे वसईच्या खेड्यातील वही ही त्या काळात युरोपभर रुजत असलेल्या एका नव्या व्यवस्थेचा भाग होती.

एका नोंदीत काय असते

ट्रेंटच्या हुकमाने मागितलेला तपशील थोडा होता. काळ पुढे सरकला तशी नोंद भरत गेली. पूर्ण स्वरूपातील नोंदीत विवाहाची तारीख आणि चर्चचे नाव असते. मग वराचे नाव, त्याच्या आईवडिलांची नावे, जन्मगाव, धर्मग्राम, वय, व्यवसाय आणि तो अविवाहित की विधुर हे येते. वधूचा तपशील त्याच क्रमाने दिलेला असतो. ती विधवा असल्यास दिवंगत पतीचे नाव नोंदवतात. तीन घोषणा झाल्या की एखादी माफ केली, कोणता अडथळा आढळला, त्यावर कोणाकडून सूट मिळाली, साक्षीदार कोण आणि विधी कोणी केला हेही लिहिलेले असते. शेवटी सह्या. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची खूण किंवा अंगठा.

या तपशिलातील एक गोष्ट फार मोलाची आहे. महसुली दप्तरात जमिनीचा धारक म्हणून पुरुषाचे नाव येते, स्त्री क्वचित दिसते. विवाहाच्या नोंदीत मात्र वधू ही स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आईवडिलांच्या नावांसह उभी असते, कारण चर्चच्या नियमाप्रमाणे तिच्या संमतीवाचून विवाह होऊच शकत नाही. तिच्या आईचेही नाव तेथे असते. ज्या बायका इतर कोणत्याही कागदात सापडणार नाहीत, त्या येथे सापडतात.

नात्याचे अंश आणि सूट

विवाहातील सर्वांत मोठा अडथळा रक्ताच्या नात्याचा. १२१५ च्या लॅटरन परिषदेने चौथ्या अंशापर्यंतच्या नात्यात विवाह निषिद्ध ठरवला होता. अंश मोजण्याची रीत सोपी आहे. समान पूर्वजापर्यंत किती पिढ्या मागे जावे लागते ते पाहायचे. सख्खी भावंडे पहिल्या अंशात. ज्यांचे आजोबा एक, ती चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडे दुसऱ्या अंशात. पणजोबा एक असतील तर तिसरा अंश आणि खापरपणजोबा एक असतील तर चौथा.

मराठी मुलखातील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. चर्चच्या मोजणीत हा दुसरा अंश, म्हणजे खास सूट मिळाल्याखेरीज अशक्य. तिसऱ्या आणि चौथ्या अंशातील सूट तुलनेने सहज मिळे. लहान किनारी गावात जात, बोली आणि धंदा सांभाळून सोयरीक करायची तर दूरचे नाते कोठेतरी निघणारच. म्हणून ज्या वहीत सूट वारंवार दिसते, तेथे विवाहाचा टापू लहान होता असा निष्कर्ष निघतो. शिवाय सूट मागताना वंशावळ मांडून दाखवावी लागे. अशा अर्जांतील वंशावळी हाती लागल्या तर चार पिढ्यांचा आराखडा एकदम उभा राहतो.

बाप्तिस्म्यातील धर्ममाता आणि धर्मपिता यांच्याशी जडणारे नातेही विवाहाच्या आड येई. १९१७ च्या धर्मसंहितेने रक्तनात्याची बंदी तिसऱ्या अंशापर्यंत आणली. १९८३ च्या संहितेने ती आजोबा एक असलेल्या भावंडांपर्यंत मर्यादित केली आणि धर्ममातापित्यांच्या नात्याचा अडथळा काढून टाकला. एखाद्या नोंदीतील सुटीचा अर्थ लावताना ती कोणत्या काळची आहे हे त्यामुळे आधी पाहावे लागते.

सत्तांतरे आणि दप्तराचा प्रवास

किनारी दप्तराला शत्रू अनेक. १६७४ मध्ये मस्कतचे अरब वसईत उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची चर्चे लुटली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला शरण आला. पोर्तुगीज अधिकारी आणि युरोपीय संन्यासी निघून गेले, किल्ल्यातली चर्चे ओस पडली. वसई मोहिमेत मिळालेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घंटा भीमाशंकर, मेणवली आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही दिसतात. खेड्यांतील ख्रिस्ती कुटुंबे मात्र आपल्या जमिनींवर राहिली. त्यांची धार्मिक व्यवस्था प्रामुख्याने गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंनी सांभाळली. १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये परत केली आणि पेशवाई बुडाल्यावर ती कायमची इंग्रजी अमलाखाली गेली. एवढ्या उलथापालथीतून सोळाव्या शतकापासूनची अखंड मालिका टिकणे अवघडच. किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांत सुट्या वह्या, तुटक वर्षे आणि नंतर उतरवून काढलेल्या प्रती यांवरच अभ्यासकाला भिस्त ठेवावी लागते.

राज्य बदलले तसा चर्चचा कारभारही हात बदलत राहिला. पोर्तुगालच्या राजाला मिळालेला धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील प्रदेश, चालवण्याचा हक्क आणि रोमची थेट सत्ता यांचा वाद एकोणिसाव्या शतकात मुंबई परिसरात तीव्र झाला. पोर्तुगाल आणि रोम यांच्यातील १८८६ च्या करारानंतर दमणचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि गोव्याकडे असलेली वसई-साष्टीची चर्चे त्याच्याकडे गेली. १९२८ मध्ये तो बंद होऊन हा भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतात आला. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत घोषित झाला आणि पापडीचे चर्च त्याचे मुख्य मंदिर बनले. म्हणून एकाच गावाच्या विवाहांविषयीचा पत्रव्यवहार शोधायचा तर काळानुसार गोवा, मुंबई आणि वसई अशा वेगवेगळ्या ठिकाणी पाहावे लागते.

जुनी नोंद वाचताना

जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आणि काही ठिकाणी लॅटिनमध्ये असतात. पुढे इंग्रजी आणि मराठी येते. भाषेपेक्षा मोठी अडचण संक्षेपांची. कागद महाग आणि लिहिणारा घाईत, म्हणून नेहमीची नावे तोडून लिहिली जात. रॉड्रिग्ज हे आडनाव ‘रोइझ’ असे, फर्नांडिस केवळ दोन-तीन अक्षरांत, फ्रान्सिस्को आणि अंतोनियो शेवटचे अक्षर वर चढवून लिहिलेले आढळतात. महिन्यांची नावे आकड्यांनी लिहिण्याची चाल तर फसवीच. सातचा आकडा घालून लिहिलेला महिना जुलै समजला तर चूक होते. तो सप्टेंबर असतो, कारण लॅटिन गणनेत सप्टेंबर सातवा. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर.

आडनावावरून घराणे ठरवणे धोक्याचे आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा विधी करणाऱ्या धर्मगुरूचे आडनाव घेतले जाई, त्यामुळे एका गावात एकाच आडनावाची, पण परस्परांशी रक्ताचा संबंध नसलेली कुटुंबे आढळतात. ख्रिस्ती नावेही थोडीच प्रचारात होती. म्हणून आईचे नाव, पाडा, साक्षीदार आणि मुलांचे बाप्तिस्मे ही सारी माहिती जुळवूनच माणूस ओळखावा लागतो. कालगणनेचेही भान हवे. पोर्तुगीजांनी १५८२ मध्ये ग्रेगरीय पंचांग स्वीकारले, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे १७३९ ची एकच घटना मुंबईच्या इंग्रजी कागदांत वसईच्या पोर्तुगीज कागदांपेक्षा अकरा दिवस आधीची दिसते. पेशवे दफ्तराशी ताळा घालताना सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो.

नोंदींवरून काय कळते

पहिली गोष्ट कळते ती सोयरिकीच्या टापूची. वधू कोणत्या गावची हे वर्षानुवर्षे नकाशावर मांडले, तर कोणती गावे एकमेकांत लग्ने करत आणि कोणत्या खाडीपलीकडे सोयरीक जात नसे हे स्पष्ट होते. कोळी, वाडवळ आणि सामवेदी यांच्यातील सीमारेषा कधी कडक होत्या आणि कधी सैलावल्या, तेही ताडता येते.

दुसरी गोष्ट विवाहाच्या हंगामाची. ट्रेंटच्या नियमानुसार नाताळपूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात समारंभपूर्वक विवाह होत नसत. नाताळ आटोपल्यापासून उपवासकाळ सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवारपर्यंतचा काळ आणि ईस्टरनंतर पावसाळ्यापर्यंतचा काळ असे दोन मोकळे पट्टे उरत. त्यांच्यात शेतीची कामे आणि मासेमारीचा हंगाम कसा बसवला जाई, हे महिनावार मोजणीतून दिसते.

तिसरी गोष्ट वयाची आणि वैधव्याची. चर्चने विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी केली नव्हती. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्ये मिळाली. त्यापूर्वीच्या वह्यांत विधवांची लग्ने किती आणि कोणत्या वयात झाली हे पाहिले, तर नियम आणि रूढी यांच्यातील अंतर मोजता येते. १८९६ ची प्लेगची साथ आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांनंतर विधुर-विधवांच्या विवाहांत काय फरक पडला, हेही मृत्यूची वही शेजारी ठेवून तपासता येते. सह्या आणि अंगठे यांच्या प्रमाणावरून साक्षरतेचा माग लागतो तो वेगळाच.

अशा वह्यांमधून लोकसंख्येचा इतिहास लिहिण्याचे शास्त्र विसाव्या शतकात घडले. फ्रान्समध्ये लुई आन्री यांनी १९५० च्या दशकात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी जोडून एकेक कुटुंब पुन्हा उभे करण्याची पद्धत बसवली. इंग्लंडमध्ये रिग्ली आणि स्कोफील्ड यांनी ४०४ धर्मग्रामांच्या नोंदींवरून १५४१ ते १८७१ या काळातील लोकसंख्येचा इतिहास मांडला आणि १९८१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या पद्धतीचा कणा विवाहाची नोंद हाच असतो, कारण कुटुंबाचा आरंभ तेथे होतो.

राज्याचा कायदा

ब्रिटिश काळात विवाहनोंद ही राज्याचीही गरज बनली. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने रोमन कॅथलिक धर्मगुरूंना आपल्या पंथाच्या रीतीने विवाह लावण्याची मुभा ठेवली, नोंद बिशपच्या नियमांनुसार करण्यास सांगितले आणि तिची विवरणे दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवण्याचे बंधन घातले. मुंबई इलाख्यातील चर्चनोंदींच्या ज्या प्रती त्या काळी लंडनला रवाना होत, त्यांची मालिका आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांचा भरणा अधिक आहे. वसईच्या शेतकरी-कोळी कुटुंबांसाठी मुख्य आधार धर्मग्रामाची वहीच राहते.

स्वातंत्र्यानंतर सर्व धर्मीयांच्या विवाहनोंदणीकडे पाऊल पडले. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ च्या निकालात सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. पतीने सोडलेल्या किंवा फसवलेल्या स्त्रीच्या हाती पुरावा असावा, हा त्यामागचा एक प्रमुख विचार होता. ट्रेंटच्या परिषदेलाही याच प्रश्नाने वहीकडे नेले होते.

खानदेशातून पाहताना

या वह्यांचे महत्त्व किनाऱ्यापुरते नाही. वसईचा किनारा खानदेशापासून दूर असला तरी दोन दुवे ठळक आहेत. पहिला इतिहाससंशोधनाचा. उत्तर कोकणातील राजवटी, जाती आणि कुळे यांची माहिती देणारी ‘महिकावतीची बखर’ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. तिच्या काही भागांचा काळ पंधराव्या-सोळाव्या शतकात जातो, म्हणजे पोर्तुगीज येण्याआधीच्या आणि येतानाच्या वसई-माहीम परिसराचे चित्र तिच्यात मिळते. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. बखर ज्या कुळांची कथा सांगते, त्यांतील काही समूहांची पुढची पिढ्यान्पिढ्यांची हकिकत धर्मग्रामांच्या वह्यांत उतरली आहे. दोन्ही साधने शेजारी ठेवली तर उत्तर कोकणच्या समाजाचा सलग इतिहास लिहिता येतो.

दुसरा दुवा रेल्वेचा आणि नोकरीचा. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात गोवेकर, अँग्लो-इंडियन आणि किनाऱ्यावरील कॅथलिक कुटुंबे नोकरीनिमित्त आली. १९०८ पासून अमलात आलेल्या नियमाप्रमाणे विवाह कोठेही झाला तरी त्याची खबर बाप्तिस्म्याच्या मूळ धर्मग्रामाला कळवून तेथील वहीच्या समासात नोंदवावी लागते. त्यामुळे दूरच्या गावी लग्न झालेल्या मुलीचा माग तिच्या जन्मगावच्या वहीत लागू शकतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात आणि तेथील चर्चांनाही हाच नियम लागू आहे. खानदेशातील हिंदू कुटुंबांना नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पिढ्या सापडतात. त्या वह्या यात्रेकरूच्या भेटीनुसार वाढतात. धर्मग्रामाची वही प्रत्येक लग्नागणिक वाढते, म्हणून तिच्यात तारखांची सलगता अधिक असते.

वह्यांचे जतन

जुन्या वह्यांत लोह आणि मायफळ यांपासून केलेली शाई वापरलेली असते. तिच्यातील आम्लामुळे अक्षरांच्या जागी कागद जळल्यासारखा तपकिरी होऊन तुटतो. किनाऱ्यावरची दमट हवा ही क्रिया वाढवते, बुरशी आणते, आणि कसर व वाळवी उरलेले काम करतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे किंवा ते प्लास्टिकमध्ये बंद करणे सर्वांत घातक. चिकट द्रव्य कागदात मुरते आणि नंतर काढता येत नाही. जाणकार दुरुस्तकार पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती दुरुस्ती पुढे पाण्याने सोडवता येते. वही आम्लरहित पेटीत, भिंतीपासून दूर, हवा खेळेल अशा कपाटात आडवी ठेवावी. प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन त्याच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या की मूळ वही वारंवार हाताळावी लागत नाही.

१९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात दप्तरखाना असावा, बिशपने भेटीच्या वेळी तो तपासावा आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात असे सांगितले आहे. या वह्या खुल्या ग्रंथालयातील पुस्तके नाहीत. हयात माणसांची खासगी माहिती त्यांत असते, म्हणून दाखला संबंधितालाच मिळतो आणि अभ्यासकाला धर्मगुरूची व धर्मप्रांताची परवानगी घ्यावी लागते. जुन्या काळातील नोंदींची सूची मात्र गाव, वर्ष आणि आडनाव यांनुसार तयार करता येते. पोर्तुगीज वाचू शकणारे अभ्यासक, बोली जाणणारे गावकरी आणि घराण्यांची माहिती असलेले वृद्ध यांनी एकत्र बसून अशी सूची केली तर संक्षेपांचा उलगडा होतो आणि चुकीच्या जुळण्या टळतात. ज्या शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची नावे बखरीत किंवा तहात आली नाहीत, त्यांचा इतिहास लिहिण्याचे सर्वांत भक्कम साधन याच वह्या आहेत. त्यामुळे त्यांची सूची आणि प्रती करण्याचे काम प्रत्येक धर्मग्रामाने कागद टिकून आहे तोवरच हाती घ्यायला हवे.